चॅट्सवर्थच्या मुलींबद्दल : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थ हाउस या ड्यूकच्या महालात मुलींची एक शाळा भरली, तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "श्रीमंतांच्या पोरींनी ड्यूकच्या महालात सहा वर्षं सहल काढली, त्याचं एवढं काय कौतुक? बाईंनी जरा अभ्यास करून लिहावं." शिवाय लंडनची गरीब मुलं आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळही काढलात. मत वेगळं असू द्या, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हा 'बाईंनी जरा' सूर कशासाठी? लेखातली एकही चूक न दाखवता अभ्यासाचा सल्ला द्यायचा, याला टीका म्हणत नाहीत.

एक मान्य करते. तिथे आलेलं पेनरोस कॉलेज ही फी घेणारी शाळा होती, गिरणी कामगारांच्या मुलींची नव्हे. लेखात ते एका ओळीत आलं, आणखी दोन ओळी चालल्या असत्या.

आता सहलीचं. युद्ध सुरू झालं आणि वेल्समधल्या कॉल्विन बे इथली या शाळेची इमारत सरकारच्या अन्न खात्याने ताब्यात घेतली. ड्यूक ऑफ डेव्हनशायरनी विचार केला, घरात सैनिक येऊन राहण्यापेक्षा शाळकरी मुली बऱ्या. महालातलं सामान ११ दिवसांत बांधून आवरलं आणि सुमारे ३०० मुली शिक्षिकांसह राहायला आल्या. शाही दालनांत ओळीने खाटा पडल्या. एकेका दालनात इतक्या मुली झोपत की त्यांच्या श्वासाच्या वाफेने भिंतींवरच्या काही चित्रांमागे बुरशी धरली! डर्बीशरच्या थंडीत गरम पाण्याची बोंब. रसायनशास्त्राचा तास तबेल्यात. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर त्या स्केटिंग करत, हेही खरं. शाळकरी वयाच्या मुली होत्या, करणारच. तेवढ्यावरून सहा वर्षांची सहल झाली?

यॉर्कशरच्या कासल हॉवर्ड या अशाच एका महालात स्कारबरोहून हलवलेली मुलींची शाळा होती. ९ नोव्हेंबर १९४० ला तिथे आग लागली, घुमट कोसळला, कितीतरी दालनं जळाली. शाळा त्यानंतरही तिथेच भरत राहिली. ही पण सहलच का?

आणि अभ्यासाचंच म्हणाल तर हे मी नुसतं वाचून लिहीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी दहावीत होते. आमचं गाव तिथून जवळ. शाळा पडली आणि आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये बसू लागलो. भूकंपामागोमाग पाऊस आला, पत्र्यावर तो असा वाजायचा की सरांचं एक अक्षर ऐकू येत नसे. सर फळ्यावर लिहीत राहायचे, आम्ही उतरवून घ्यायचो. वर्गातल्या दोन मुली राहिल्या नव्हत्या, तरी हजेरीत त्यांची नावं काही दिवस येत राहिली. त्या दिवसांत वेळापत्रक भिंतीला लागलेलं असणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. चॅट्सवर्थच्या छतावर चित्रं होती, आमच्या डोक्यावर पत्रा. पण घरापासून तुटलेल्या मुलीला सकाळी घंटा झाल्यावर बीजगणित सोडवायला बसवणं, हे काम दोन्हीकडे तेच होतं आणि ते शिक्षकांनी केलं. मी कौतुक केलं ते त्याचं. ड्यूकचं नाही. लेख पुन्हा वाचलात तर दिसेल. पूर्ण वाचला असेल असं मी धरून चालते.

राहिलेल्या मुद्द्यांबद्दल थोडक्यात. मोठी घरं फक्त श्रीमंतांसाठी उघडली असंही नाही. वॅडस्डन मॅनरमध्ये क्रॉयडनची पाच वर्षांखालची मुलं ठेवली होती. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने हलवलेल्या आणि गावोगावच्या शाळांत दोन पाळ्यांत शिकलेल्या लंडनच्या मुलांवर स्वतंत्र लेख लिहिणार आहे. बंगालचा दुष्काळ भयंकर होता, तो या लेखाचा विषय नव्हता. तो इथे ओढून आणल्याने भुकेने गेलेल्यांचा मान वाढतो असं मला वाटत नाही.

यापुढे लेखातली वस्तुस्थिती चुकली असेल तर जरूर लिहा, उत्तर देईन. सल्ले नकोत.