त्याला कुणीच कसं अडवलं नाही?

सकाळपासून डोकं फिरलंय. एका छोट्या खासगी विमानाच्या अपघाताची बातमी वाचली, पायलटच्या रक्तात दारू सापडली, मागे बसलेली माणसंही गेली. आणि यावर लोक काय म्हणतायत, तर 'वेळ आली होती बिचाऱ्यांची'. अरे कसली वेळ! पिऊन आलेला माणूस कॉकपिटमध्ये बसला, इंजिन चालू केलं, टेकऑफ घेतला आणि हँगरमधल्या एकानेही त्याचा हात धरला नाही, यात नशीब कुठनं आलं?

माझा मावसभाऊ हौशी पायलट आहे, चार सीटचं सिंगल इंजिन विमान उडवतो. एकदा तो आम्हा घरच्यांना फिरवणार होता. सगळे नटूनथटून धावपट्टीपाशी हजर, आणि हा पठ्ठ्या म्हणाला आज नाही उडायचं. का, तर आदल्या रात्री शिंका थांबेनात म्हणून ॲलर्जीची गोळी घेतली होती. मामा जाम भडकले, "एका गोळीनं काय होतंय रे, तू काय दारू प्यायलायस का?" पोरं रडायला लागली. हा शांतपणे म्हणाला, "मामा, या गोळीनंतर साठ तास थांबायचं असतं."

मला तेव्हा साठ तास जरा अतीच वाटले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेतल्या विमान वाहतूक नियामक संस्थेचा, एफएएचा, ॲलर्जीच्या अशा गोळ्यांमधल्या डायफेनहायड्रामीन या औषधासाठी खरंच तेवढ्या तासांचा सल्ला आहे. तिथल्या अपघातांचा तपास करणाऱ्या एनटीएसबी या संस्थेने अपघातात गेलेल्या पायलट्सच्या चाचण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये छापला, त्यात गुंगी आणू शकणाऱ्या औषधांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच सापडलं होतं. साधं सर्दीचं औषध! मग दारूचं काय बोलायचं. वर हवा विरळ, त्यात दारूमुळे शरीराला मिळतो तो ऑक्सिजनसुद्धा धड वापरता येत नाही, कानातला तोल बिघडतो तो नशा उतरल्यावरही बराच वेळ बिघडलेलाच राहतो, आणि ढगात शिरलं की वर कुठलं न् खाली कुठलं तेच कळत नाही. गाडी निदान बाजूला घेता येते हो.

नियम नाहीत असं नाही. अमेरिकेत शेवटच्या पेगनंतर किमान ८ तास आणि रक्तात ०.०४ टक्क्यांच्या खाली, आपल्याकडे १२ तास आणि शून्य. एअरलाइनच्या पायलटला आपल्याकडे ब्रेथ टेस्ट द्यावी लागते. पण स्वतःच्या विमानात मित्रांना घेऊन निघालेल्याला बऱ्याच ठिकाणी प्रत्येक उड्डाणाआधी तपासणारं कुणी नसतं, तिथे फक्त आजूबाजूची माणसं असतात. आणि ती गप्प बसतात, कारण विमान त्याचं, पैसा त्याचा, त्याला कसं बोलायचं! भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती जीव घेते.

हो, सगळेच अपघात दारूमुळे होत नाहीत, हवामान असतं, इंजिन बंद पडतं, मान्य. मृत्यूनंतर शरीरात आपोआपही अल्कोहोल तयार होऊ शकतं, म्हणून लॅबवाले डोळ्यातला द्रवही तपासतात, तेही मान्य. पण अहवालात प्यायला होता असं स्पष्ट आल्यावर तरी त्याला नशीब म्हणू नका ना.

त्या दिवशी मामा परत जाताना भावाशी एक शब्द बोलले नाहीत. त्याला वाईट वाटलं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं, पण तो बधला नाही. आज सारखा तोच आठवतोय. बातमीतला तो पायलट वाईटच माणूस होता असं मला म्हणायचं नाहीये, कदाचित त्याला व्यसन असेल, आतून खचलेला असेल, उडणं बंद होईल या भीतीनं अनेक पायलट आजार लपवतात, मदत मागत नाहीत. त्याच्या घरच्यांचं दुःख खरंच आहे. पण मागच्या सीटवरच्यांनी विश्वासानं बेल्ट लावला होता, त्यांच्या घरच्यांना 'वेळ आली होती' म्हणून कसं सांगायचं?

भावाला आत्ता फोन केला. म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतास, मामांनाही हे मीच सांगणार आहे.