टेकडीवरची नवी इमारत जुन्यासारखीच दिसली पाहिजे का?

ऐतिहासिक वस्तीतल्या टेकडीवर सदनिकांची इमारत उभी करायची असेल, तर ती आजूबाजूच्या जुन्या घरांसारखीच दिसली पाहिजे, आधुनिक रचनेने वस्तीचे रूप बिघडते, असे विधान सध्या बरेच फिरते आहे. त्यामागची तळमळ खरी आहे. निदान मात्र चुकले आहे.

जुन्या शैलीची नक्कल म्हणजे वारशाचा मान, हा त्यातला पहिला दावा. वास्तूंच्या जतनाविषयीच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेची भूमिका नेमकी उलट आहे: जीर्णोद्धारात अपरिहार्य ठरणारे नवे काम मूळ रचनेपासून वेगळे ओळखू यावे आणि त्यावर आपल्या काळाचा ठसा असावा. ही सनद वास्तूंच्या जतनापुरती आहे, असा आक्षेप रास्त आहे. परंतु ऐतिहासिक शहरांतील नव्या वास्तुरचनेसाठीच तयार झालेल्या २००५ च्या व्हिएन्ना निवेदनानेही खोटी ऐतिहासिक रचना टाळण्यास सांगितले आहे.

आधुनिक इमारत अशा वस्तीत कधीच सामावत नाही, हा दुसरा दावा. लंडनच्या उत्तरेला टेकडीवर वसलेल्या हायगेट या जुन्या गावात वास्तुरचनाकार बर्थोल्ड लुबेटकिन यांनी १९३५ मध्ये हायपॉइंट ही काँक्रीटची पांढरी इमारत उभारली, तेव्हा शेजाऱ्यांनी विरोध केला होता. आज तीच इमारत आणि १९३८ मधली तिची जोडीदार, दोन्ही तिथल्या संरक्षित वास्तूंच्या सर्वोच्च श्रेणीत आहेत.

दर्शनी भाग जमला की बाकीचे आपोआप जमते, हा तिसरा दावा मला सर्वांत घातक वाटतो. टेकडीवर नजरेत भरतो तो इमारतीचा एकूण आकार आणि आकाशावर उमटणारी तिची कड. प्रचंड ठोकळ्यावर कौलारू छप्पर चढवल्याने तो लहान होत नाही. उताराप्रमाणे मजले टप्प्याटप्प्याने मागे घेतले, तर तेवढीच घरे कमी उंचीत बसू शकतात आणि डोंगरही कमी कापावा लागतो. उतार सरळ कापून उभ्या केलेल्या आधारभिंतीमागे पावसाचे पाणी साठले, तर मातीच्या दाबात पाण्याच्या दाबाची भर पडते. म्हणून भिंतीमागे खडीचा थर आणि पाणी बाहेर पडायला भोके ठेवावी लागतात. ते पाणी खालच्या जुन्या घरांच्या पायाकडे वळले, तर चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतींना ओल धरते, मग वरच्या इमारतीच्या खिडक्यांना कितीही सुंदर कमानी असोत.

त्यामुळे मंजुरीपूर्वी रहिवाशांनी दर्शनी चित्राऐवजी उताराचा उभा छेद (इमारत डोंगरात कशी बसते ते बाजूने दाखवणारे चित्र), खालच्या रस्त्यांवरून दिसणारी छतांची रेषा आणि पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा मागावा.