खुलासा : इग्वाना पिंजऱ्याच्या मापाने वाढत नाही

इग्वाना म्हणजे घरी पाळला जाणारा एक मोठा सरडा. ‘इग्वानाला जेवढ्या पेटीत ठेवाल तेवढाच तो वाढतो, म्हणून काचेची लहान टाकी पुरते’ असा एक संदेश फिरतो आहे. हे साफ खोटं आहे. हिरवा इग्वाना शेपटीसकट दीड मीटरपर्यंत, कधी त्याहूनही मोठा होतो. टाकीतला खुजा राहिलाच, तर तो बहुधा आजारी असतो. कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण कमी पडले की हाडं मऊ होतात, जबडा सुजतो, पाय थरथरतात. याला कुणी ‘आटोपशीर’ म्हणत असेल तर धन्य आहे!

पूर्ण वाढलेल्यासाठी 6 फूट उंच, 6 फूट लांब, 3 फूट खोल पिंजरा हा अगदी किमान हिशेब. उंचीत काटकसर नकोच. हा झाडावर राहणारा प्राणी. त्याच्या अंगाइतक्या जाड फांद्या आडव्या, स्क्रूने घट्ट बसवा. वरच्या फांदीवर 35 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी, खालचा कोपरा त्याहून बराच गार. उष्णतेच्या दिव्याला जाळीचं आवरण लावा, नाहीतर तो दिव्याला चिकटून पोट-पाठ भाजून घेतो. तापणारे दगड तर आणूच नका.

त्याच संदेशात ‘बंद खिडकीतलं ऊन पुरेसं’ असंही आहे. साधी काच यूव्हीबी जवळपास सगळे अडवते, त्यामुळे हे किरण देणारी वेगळी दिव्याची ट्यूब लागतेच. ती दिसायला उजळ राहिली तरी किरण आधीच क्षीण होतात, तेव्हा उत्पादकाने दिलेल्या मुदतीत बदला.