“मैदान म्हणजे एनर्जी काढायची जागा” वाली पोस्ट, आणि माझं म्हणणं

पालकांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतीये, तुमच्याकडेही आली असेलच. थोडक्यात म्हणणं असं की शिकणं वर्गात होतं, मैदान फक्त एनर्जी काढायला. म्हणून शाळेने एक मोठा मल्टिप्ले सेट (घसरगुंडी, झोका, शिड्या एकत्र जोडलेला) घ्यावा, खाली रबर टाकावं, उंच काही ठेवू नये, कपडे मळतात म्हणून माती-वाळू बंद करावी आणि परीक्षा आली की मधली सुट्टी कमी करावी. एकेक घेते.

“शिकणं वर्गात होतं.” एकदा एका शाळेत मधल्या सुट्टीत बसले होते, दोन मुली नळापासून वाळूच्या खड्ड्यापर्यंत अर्ध्या कापलेल्या पाइपातून पाणी न्यायच्या खटपटीत. पाणी मध्येच तुंबायचं, मग एकीने वरच्या टोकाखाली वीट सरकवली तर ते इतक्या जोरात आलं की वाळूचा बांधच फुटला, मग वीट काढून चपटा दगड, तेव्हा कुठे जमलं. तिसरी आली तिला लगेच ड्युटी, “तू नळावर थांब, मी ओरडले की बंद कर.” उतार, वेग, अंदाज, कामाची वाटणी, सगळं एका सुट्टीत, आणि एनर्जी म्हणाल तर फार काही खर्च झाली नाही हो!

“मोठा सेट घ्या.” घसरगुंडी, झोका हवाच, तोल आणि अंगाचा अंदाज त्यातूनच येतो. पण नुसता सेट असला की चढा, घसरा, परत चढा, आठवड्याभरात पोरं उलटीकडून चढायला लागतात आणि बाई ओरडायला. सोरेनसेन नावाच्या डॅनिश लँडस्केप आर्किटेक्टच्या लक्षात आलं होतं की मुलं आखीव मैदानं सोडून बांधकामाच्या भंगारातच रमतात, त्यातून १९४३ साली कोपनहेगनच्या एमड्रपमध्ये भंगाराचं मैदान सुरू झालं. फळ्या, टायर, क्रेट, दोऱ्या, जुन्या चादरी, जे हलवता येतं ते रोज नवीन होतं. फक्त ते ठेवायला मैदानाला लागूनच खोली पाहिजे, दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटातून रोज कोण काढणार?

“उंच काही नको.” इथे पोस्टवाल्यांची खरी गल्लत आहे. फांदी उंच आहे हे मुलाला दिसतं, तो ठरवतो चढू की नको. ही झाली जोखीम. सुटलेला बोल्ट, किंवा कठड्यातली ९ ते २३ सेंटीमीटरची फट (लहान मुलाचं धड जातं, डोकं अडकतं), हे त्याला कळतच नाही, हा धोका. काढायचा तो दुसरा. युरोपातलं प्लेग्राउंडचं स्टँडर्डसुद्धा उंचीवर बंदी घालत नाही, ३ मीटरपर्यंत पडायची उंची चालते, अट एवढीच की खालची जमीन त्या उंचीला पुरेल अशी हवी.

“खाली रबर टाका.” टाका की, पण किती जाड ते उंचीवर ठरतं, आणि उन्हात ते इतकं तापतं की अनवाणी पाय भाजतात. पुरेशी खोल सुटी वाळू पण चालते, मधून मधून सारखी करून भर घालावी लागते इतकंच. कपडे मळतात या मुद्द्यावर मी वेळ घालवत नाही.

“परीक्षा आली की सुट्टी कमी.” अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्येच सांगितलंय की शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मधली सुट्टी काढून घेऊ नका. डोक्याला मध्ये ब्रेक मिळाला तरच पुढच्या तासाला लक्ष लागतं ना.

पोस्टमधलं एक मात्र पटलं, सगळं मैदान शिक्षकांना दिसलं पाहिजे. पण त्यासाठी झुडपं तोडायची गरज नाही, कमरेएवढी ठेवा. गप्प बसणाऱ्या मुलांना टेकायला एक आडोसा लागतो, कारण मधली सगळी जागा बॉलवाले खातात आणि बाकीचे भिंतीला चिकटून उभे असतात. विश्वास नसेल तर एखाद्या सुट्टीत मोजून बघा किती जण भिंतीला आहेत.