प्रगल्भ ग्राहक, मुक्काम पोस्ट ऑग्सबुर्ग

'आपला ग्राहक अजून प्रगल्भ झालेला नाही.' घरच्या ग्रुपवर भाच्याने हे वाक्य टाकलं आणि माझा शनिवार नासला.

भाचा पुण्यात एमबीए करतो. कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीला, म्हणजे सीएसआरला, वेगवेगळ्या देशांतले ग्राहक कसा प्रतिसाद देतात, हा त्याच्या प्रकल्पाचा विषय. ठिणगी टाकली दादाने. दादाचं पलूसला किराणा दुकान आहे. त्याने लिहिलं, 'गिऱ्हाईक भाव बघतंय. दुसरं काय बघणार?' त्यावर हे प्रगल्भतेचं वाक्य आलं आणि पाठोपाठ दुसरं: 'युरोपात लोक आधी कंपनीची नीती बघतात, मग माल घेतात. आत्याला विचारा.'

आत्या म्हणजे मी, मुक्काम जर्मनीतलं ऑग्सबुर्ग. आत्याला कुणी विचारलं नाही. आत्याला फॉर्म आला. तेवीस प्रश्न. सातवा असा: एखादी कंपनी समाजासाठी काम करत असेल तर तिच्या मालाला तुम्ही दहा टक्के जास्त किंमत द्याल का? मी 'नक्की देईन'वर खूण केली आणि पिशवी घेऊन लिडल या सुपरमार्केटात गेले. तिथे केळ्यांचे दोन ढीग होते, एक फेअरट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त मोल देणारा, आणि एक साधा. मी साधी केळी घेतली. पैसे देताना सातवा प्रश्न आठवला, पण मागे रांग होती.

एवढ्यावरून वाटेल की मीच अप्रगल्भ. पण याच लिडलने २०१८ मध्ये जाहीर केलं होतं की हळूहळू जर्मनीतल्या सगळ्या दुकानांत फक्त फेअरट्रेड केळी ठेवू. २०१९ मध्ये माघार घ्यावी लागली, कारण गिऱ्हाईक स्वस्त केळ्यांसाठी दुसऱ्या दुकानात जायला लागलं. हे त्याच देशातलं गिऱ्हाईक, ज्याला कुठेही गाठून विचारा, केळी पिकवणाऱ्या मजुराला योग्य मोल मिळायला हवं असंच सांगेल. माझ्या ऑफिसात असे भरपूर आहेत. मी ग्रुपवर लिहिलं, 'इथलं गिऱ्हाईकही भावच बघतं, फक्त बोलताना नीतीचं बोलतं.' दादाने अंगठा टाकला. भाच्याने लिहिलं, 'आत्या, एका उदाहरणावरून निष्कर्ष काढता येत नाही.'

बरं, मग दुसरं घे. क्रोम्बाखर नावाची बिअर आहे. २००२ मध्ये तिने जाहिरात काढली: एक क्रेट घ्या, मध्य आफ्रिकेतल्या जांगा-सांगाच्या जंगलाचा एक चौरस मीटर वाचेल. लोकांनी क्रेटच्या क्रेट नेले आणि पिऊन जंगल वाचवायचं म्हणून विनोदही केले. पण त्याच देशात या जाहिरातीवर खटला उभा राहिला. एका क्रेटमागे जंगलासाठी नेमकं काय होणार, हे गिऱ्हाइकाला सांगायला कंपनी बांधील आहे की नाही, यावर वकील वर्षानुवर्षं भांडले आणि २००६ मध्ये प्रकरण सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलं. आपल्याकडे हे झालं असतं का? दादाच्या दुकानात क्लासमेटच्या वह्या असतात. चार वह्यांमागे एक रुपया ग्रामीण विकासाला जातो, असं त्यांच्यावर लिहिलेलं असायचं. लहानपणापासून गल्ल्यावर बसलेल्या माझ्या भावाला तो रुपया कुठे गेला हे एकाही गिऱ्हाइकाने विचारलेलं नाही. वही उलटून बघतात ती पानं किती हे मोजायला. आणि वही काढणारी कंपनी मुळात सिगारेटची, यावरही कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

इथे मी भाच्याच्या बाजूला सरकतेय, हे मला कळतंय. पण थांबा.

भाच्याच्या प्रकल्पाची सुरुवात सीएसआरचे अभ्यासक आर्ची कॅरोल यांच्या १९९१ च्या पिरॅमिडने होते: तळाला नफा, त्यावर कायदा, त्यावर नीती, टोकाला दानधर्म. मग येतो इझाबेल मेन्याँ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास. फ्रान्स, जर्मनी आणि अमेरिकेतल्या ग्राहकांना त्यांनी विचारलं. अमेरिकी लोकांनी कंपनीने आधी नीट धंदा करावा याला मोठं वजन दिलं. फ्रेंच आणि जर्मन म्हणाले, नफ्याचं आम्हाला सांगू नका, कायदा पाळा आणि नीतीने वागा. भाचा यावरून म्हणतो, बघा, युरोप किती पुढे. मी इथे चौदा वर्षं काढली आहेत आणि मला यात पुढेपणा दिसत नाही, सवय दिसते. कॅन्टीनमध्ये मी एकदा विचारलं, तुमचे शर्ट कुठे शिवले जातात, कोण शिवतं, याचा विचार करता का? समोरचा म्हणाला, 'त्यासाठी आता कायदा आहे ना.' २०२३ पासून पुरवठा साखळीचा कायदा आहे, खरं आहे. त्याने एवढं सांगितलं आणि शांतपणे बटाटे खाल्ले. जर्मन ग्राहकाची नीती बरीचशी अशी आहे: ती त्याने कराच्या पावतीबरोबर सरकारकडे जमा केलेली असते. स्वतःच्या डोक्याला ताप नको. मांसाच्या पाकिटावर जनावर कसं पाळलं हे सांगणारा एक ते पाच आकडा हवा, कापडावर शिक्का हवा, बाटलीच्या अनामतीचे पंचवीस सेंट मशीनमधून परत मिळायला हवेत. शिक्का नसेल तर तो घाबरतो, असेल तर वाचत नाही.

आणि २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवागेनने डिझेल गाड्यांत धूर लपवणारं सॉफ्टवेअर बसवल्याचं बाहेर आलं तेव्हा? कॅन्टीनमध्ये आठवडाभर संताप होता. त्यानंतरही पुढची कितीतरी वर्षं जर्मनीत सर्वांत जास्त खपणारी गाडी त्याच कंपनीची गोल्फच होती. संतापलेल्यांपैकी दोघांनी तीच घेतली. मीही घेतली. वापरलेली, पण घेतली.

आता आपल्याकडचं. २०१४ च्या १ एप्रिलपासून आपल्याकडे तर दानधर्मच कायद्यात आला: पाचशे कोटींची नक्त मालमत्ता, किंवा हजार कोटींची उलाढाल, किंवा पाच कोटींचा नफा असेल, तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजावर खर्च करा. कॅन्टीनमध्ये हे सांगितलं तर लोक चकित होतात, आणि मला उगाच अभिमान वाटतो, जणू कंपनी कायद्याचं ते कलम १३५ मीच लिहिलं. पण गिऱ्हाइकाला त्या दोन टक्क्यांशी काय देणंघेणं? शाळेच्या भिंतीवर कंपनीचं नाव रंगवलेलं दिसतं, मुलं त्याच्यासमोर खो-खो खेळतात. उपकार मानायचे तर कुणाचे? कायद्याने भाग पाडलेल्याला आपण दाता म्हणत नाही.

आपल्या माणसाला कंपनी कळत नाही, माणूस कळतो, असं माझं मत आहे. मी पलूसची. किर्लोस्करवाडी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंधच्या राजांनी दिलेल्या निवडुंगाच्या माळावर वसाहत उभी केली आणि लोखंडी नांगर करायला घेतले. कुंडल रोड स्टेशनचं नाव पुढे किर्लोस्करवाडी झालं. माझे आजोबा नांगराबद्दल बोलताना 'कंपनी' म्हणायचे नाहीत, 'लक्ष्मणरावांचा नांगर' म्हणायचे. त्यांनी लक्ष्मणरावांना कधी पाहिलंही नसेल. १९०८ मध्ये तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला तो लोकांनी एकेक पैसा देऊन. काच चांगली निघो न निघो, आधी पैसा दिला. त्या माणसांना अप्रगल्भ म्हणायचं का? आणि प्रगल्भ म्हणायचं तर शंभर वर्षांत ती कुठे गेली?

(हो, राग काढायला आपण कंपनी बरोबर शोधतो. २०१९ मध्ये होळीच्या जाहिरातीवरून सर्फ एक्सेलवर लोक चिडले आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलला एक तारा देऊन आले. हे मी ऑफिसात सांगत नाही. काही गोष्टी घरातच राहाव्यात.)

त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, कृष्णेला पूर आला. ब्रह्मनाळला नाव उलटली, भिलवडी पाण्यात गेली. पलूस उंचावर, म्हणून माणसं आमच्याकडे आली. कंपन्यांची आणि पुढाऱ्यांची मदत आली, पुड्यांवर नावं, काहींवर फोटो. लोकांनी पुडे घेतले, नावं कुणाच्या लक्षात नाहीत. दादाने काय केलं? उधारीची वही दोन महिने उघडली नाही. ना त्याने ते कुठे लिहिलं, ना बोर्ड लावला. आज बाजारात मोठी दुकानं झाली आहेत, ॲपवर दहा रुपये स्वस्त मिळतं, तरी अंकलखोप-आमणापूरची माणसं महिन्याचा बाजार दादाकडून नेतात. मी फोनवर दादाला म्हटलं, 'अरे, हेच तर सीएसआर! तुझं गिऱ्हाईक भाव सोडून दुसरंही बघतंय की.' तो म्हणाला, 'त्यास्नी उधारी मिळत्या म्हणून येत्यात. तू लई लांबनं बघत्यास.'

यावर मला राग आला. लांबून बघते म्हणजे काय? मग आठवलं, पुराच्या वेळी मी इथे होते. पाणी उतरल्यावर ऑनलाइन पैसे पाठवले, पावती जपून ठेवली आणि इथल्या कर सल्लागाराला विचारलं, वजावट मिळेल का. मिळाली नाही.

ऑग्सबुर्गला पाहुणे आले की मी त्यांना फुगेराय दाखवते. याकोब फुगर हा इथला सावकार, राजांना कर्ज देणारा. १५०५ मध्ये पोर्तुगीज सरदार आल्मेदाचा ताफा मिऱ्यांसाठी हिंदुस्थानाकडे निघाला, त्यात ऑग्सबुर्गच्या सावकारांचे पैसे होते, फुगरांचेही. १५२१ मध्ये त्याने गावातल्या गरीब कॅथलिकांसाठी फुगेराय ही घरांची वसाहत स्थापन केली. ती अजून आहे, माणसं राहतात. भाडं वर्षाला अठ्ठ्याऐंशी सेंट, आणि रोज तीन प्रार्थना फुगर कुटुंबासाठी. बघायला जाणाऱ्याचं तिकीट त्या वर्षभराच्या भाड्याच्या कितीतरी पट. पाचशे वर्षांपूर्वीचं सीएसआर, आणि प्रतिसाद करारात लिहून घेतलेला. दादा आला होता तेव्हा त्याला हे सांगितलं. तो अंगणातल्या पंपाजवळ उभा राहून म्हणाला, 'म्हणजे मिऱ्यांचा पैसा आपल्या मुलखातनं, आणि प्रार्थना ह्याच्या नावाची.' मी म्हटलं, मिरी मलबारची, आपली नव्हे. तो म्हणाला, 'तिकडनं बघितलं तर आपलीच की.'

त्या फॉर्मचा शेवटचा प्रश्न होता: ग्राहक म्हणून तुम्ही कोणत्या संस्कृतीत स्वतःला गणता? भारत, जर्मनी, अमेरिका, इतर. मी तो रिकामा सोडला. पलूसला गेले की दुकानात मी बिस्किटाच्या पुड्यामागची बारीक अक्षरं वाचत बसते आणि वहिनी हसते, 'जर्मनीण आली.' इथे पैशाच्या रांगेत मी भाव मनातल्या मनात रुपयांत करते. चौदा वर्षं झाली तरी करते. केळी म्हणजे दीडशे रुपये किलो, असं.

रविवारी भाच्याचा फोन आला. म्हणाला, 'आत्या, तुझा एक रकाना राहिलाय.'

म्हटलं, 'तो मुद्दाम राहिलाय.'

'नाही चालत गं. मी तुला जर्मनीत धरलंय.'

'का रे?'

'जर्मनीचे एकोणीसच होत होते. मॅडमना वीस पाहिजेत.'