'संसारी माणूस सेफ' हे कुणी सांगितलं?

आमच्यातला खानापूरचा एक गे पोरगा, वय 23, बेळगावात नोकरीला. परवा रात्री त्याने एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली एवढंच, 'दादा, हे खरं काय ओ?' मेसेज असा की, वयाने मोठा, लग्न झालेला पार्टनर असला की एचआयव्हीची भीती नाही, रोग डेटिंग ॲपवरच्या कोवळ्या पोरांत असतो. कंडोमला खोबरेल चालतं. टेस्टचा उपयोग नाही, ती निगेटिव्हच येते. आणि पॉझिटिव्ह माणूस गोळ्या खात असला तरी त्याच्याजवळ जायचं नाही.

पहिलाच मुद्दा वाचून डोकं फिरलं. लग्नाचा आणि रक्तातल्या व्हायरसचा काय संबंध? तुझ्या 46 वर्षांच्या पार्टनरच्या मागे वीस-पंचवीस वर्षं आहेत, त्यात कोण कोण आलं, शेवटची टेस्ट कधी केली, हे तू विचारलंयस काय कधी? नाही विचारलं, कारण लॉजचं भाडं तो देतो, रिचार्ज तो मारतो, आणि एकदा कंडोमचं नाव काढलंस तर 'माझ्यावर विश्वास नाही काय' म्हणून दोन दिवस फोन उचलला नाही, तूच सांगितलंस की मला. आता हा मेसेज त्याच्याच बाजूने बोलायलाय, म्हणून मला जास्त राग आलाय.

खोबरेल तर अजिबात नको, तेलाने लेटेक्सचा कंडोम फाटतो. मेडिकलमध्ये वॉटर-बेस्ड जेल मागायचं.

टेस्टचं अर्धं खरं आहे, मान्य. लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्टमध्ये दिसत नाही, म्हणून तर तीन महिन्यांनी परत करायची. आणि रिस्क होऊन 72 तास झाले नसतील तर थांबायचंच नाही, तडक दवाखाना, लागण टाळायच्या पेपच्या गोळ्या 28 दिवस. लागण होऊ नये म्हणून आधीपासूनच रोज घ्यायची प्रेपची गोळी पण असते, ती आधी टेस्ट आणि किडनी तपासून डॉक्टर देतात.

गोळ्यांचा मुद्दा तर पूर्ण उलटा. 2019 ला लॅन्सेट या मेडिकल मासिकात पार्टनर-2 नावाचा अभ्यास आला, 782 गे जोडपी, एक पॉझिटिव्ह पण औषधाने व्हायरस दबलेला, दुसरा निगेटिव्ह, कंडोमशिवाय सुमारे 76,000 वेळा संबंध, आणि पार्टनरकडून लागण किती? शून्य. म्हणजे रोज गोळी खाऊन व्हायरस दाबून ठेवलेल्या माणसाकडून एचआयव्हीची भीती नाही, भीती आहे ती कधी टेस्टच न केलेल्याकडून, मग तो 20 चा असो की 50 चा.

सोमवारी सुट्टी टाक, सिव्हिलला जाऊया. टेस्ट फुकट आहे, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्याने तुला विचारल्याशिवाय रिपोर्ट घरी कळवता येत नाही. कन्नड येत नाही म्हणून अडू नको, मी बोलतो. तुझ्या त्या पार्टनरला पण घेऊन ये.