दिवसभर बंद असणाऱ्या घरात चिवावाचे पिल्लू नको

चिवावा जातीच्या कुत्र्याचे पिल्लू फ्लॅटमध्ये पाळायला सोपे, कारण ते जागा कमी अडवते आणि खातेही कमी, असे नाशिकमध्ये कॉलेज रोडपासून इंदिरानगरपर्यंत अनेकांच्या तोंडून मी ऐकते. आमच्या घरी मिरी नावाची चिवावा आल्यापासून हा समज मला अधिकच धोक्याचा वाटू लागला आहे. जागेपुरते ते खरे आहे. परंतु मेक्सिकोतील चिवावा राज्याचे नाव लावणारी ही जगातील सर्वांत लहान जात, पूर्ण वाढ झाल्यावरही साधारण दीड ते तीन किलोंची, पहिले काही महिने घरात सतत कोणीतरी असावे अशी मागणी करते. त्यामुळे नवरा-बायको दोघेही सकाळी सातपूर-अंबडला कामावर जाऊन संध्याकाळीच परतणार असतील, तर त्यांनी हे पिल्लू आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ अडचण रक्तातील साखरेची आहे. एवढ्याशा यकृतात साखरेचा साठा जेमतेम मावतो, अंगावर चरबीही नसते, त्यामुळे दोन खाण्यांत मोठे अंतर पडले की साखर झपाट्याने उतरते. पिल्लू मलूल होते, झोकांड्या खाते, थरथरते, आणि वेळेत लक्ष गेले नाही तर झटके येऊन दगावूही शकते. म्हणून साधारण 4 महिन्यांचे होईपर्यंत त्याला दिवसातून 4 ते 6 वेळा थोडे थोडे भरवावे लागते. आमच्याकडे दुपारचे खाणे सासूबाईंनी आपणहून अंगावर घेतले, म्हणूनच हे निभावले. त्या नसत्या तर मी मिरीला आणलेच नसते. साखर उतरल्याची शंका आली तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे घट्ट पाणी चोळावे, पिल्लाला ऊब द्यावी आणि तडक पशुवैद्यकाकडे न्यावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. गंमत अशी की चिवावा थंडीने थरथरतो, भीतीने थरथरतो आणि आनंदानेही थरथरतो, त्यामुळे कोणती थरथर कशाची हे त्याच्या सहवासात राहणाऱ्यालाच कळते; कॅमेरा लावून ऑफिसातून पाहणाऱ्याला कळणे कठीण. निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या की मिरीचे अंथरूण फरशीवरून उचलून लाकडी फळीवर जाते आणि तिला स्वेटर चढतो. याला कोणी लाड म्हणत असेल तर खुशाल म्हणावे.

अनेक चिवावांच्या डोक्यावर टाळू पूर्ण भरलेली नसते, काहींची तर आयुष्यभर तशीच राहते. हे सासूबाईंना समजावावे लागले नाही. टाळूवर तेल घालायचे नाही, एवढेच सांगावे लागले. सोफ्यावरून मारलेली उडी या पिल्लाला महागात पडू शकते. गुडघ्याची वाटी सरकण्याची तक्रारही या जातीत नेहमीची आहे, म्हणून लहान मुलांना आम्ही मिरीला उभ्याने उचलू देत नाही, खाली बसूनच मांडीवर घ्यायला सांगतो. श्वासनलिका नाजूक असल्याने गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावण्याऐवजी छातीभोवती बसणारा हार्नेस वापरावा.

आता खास नाशिककरांसाठी. ज्या दोन पिकांचा आपल्याला अभिमान, ती द्राक्षे आणि कांदा, दोन्ही कुत्र्यांना विषारी आहेत. द्राक्षांमुळे कुत्र्यांचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते; त्याचे कारण त्यातील टार्टारिक आम्ल असावे, असे अलीकडे मानले जाते. नेमक्या किती द्राक्षांनी बाधा होईल याचा भरवसा देता येत नाही, आणि किलोभर वजनाच्या जिवाला दोन-चार मणीही जास्तच. बेदाणे-मनुकांचेही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिंडोरी-पिंपळगावचे पाहुणे प्रेमाने द्राक्षांचा क्रेट आणून दारातच ठेवतात, तेव्हा आधी तो ओट्यावर चढवावा आणि मग चहा टाकावा. कांदा व लसूण रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, कच्चे असोत वा शिजवलेले. त्यामुळे मिसळीचा रस्सा, चिवड्यावरचा कांदा, फोडणीचा भात, यांतले काहीही ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून पुढे करू नये. ते वाक्य चिवावाच्या बाबतीत लागूच पडत नाही.

लसीकरण 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू होऊन साधारण 16 आठवड्यांपर्यंत चालते, रेबीजची लस 3 महिन्यांच्या सुमारास देतात, आणि जंताचे औषध त्याआधीपासूनच सुरू असते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, म्हणून डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला जॉगिंग ट्रॅकवर किंवा गोदाघाटावर खाली सोडू नये. बाहेरचे जग दाखवायचे असेल तर कडेवरून दाखवावे.

कुठून घ्यावे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार 8 आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही आणि ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला, राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. या जातीसाठी तर 10 ते 12 आठवडे आईजवळ गेलेले अधिक बरे. पिल्लाची आई दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये. ‘टीकप’ असे नाव देऊन आणखी लहान पिल्लू चढ्या भावाने विकणाऱ्याकडून तर अजिबात घेऊ नये, कारण अशी वेगळी जात मुळात नाही आणि वजन जितके कमी तितका वर सांगितलेला प्रत्येक धोका वाढतो. आणि घर दिवसा बंदच राहणार असेल, तरीही कुत्रा हवाच असेल, तर लसीकरण झालेला एखादा मोठा, शांत गावठी कुत्रा दत्तक घ्यावा. सकाळी आणि संध्याकाळी खाऊन-फिरून तो मधला वेळ झोपेत काढू शकतो, ते या पिल्लाला जमत नाही.